खपलीचा पास्ता आणि नजीराचं मशीन

न्हाय, तुम्हीच सांगा पावणं, काळा पास्ता बघितलाय का कधी कुणी? काळा म्हणजे जळलेला न्हवं, जन्मापासनं काळा... नाचणीचा! ताटात पडला तर मला वाटलं, पोरीनं सायकलची ट्यूब कातरून वाढलीया. वर चार फोडी शिमला मिरचीच्या, आणि तेल म्हणाल तर अर्धा चमचा, तेबी चमचा पुसून घेतलेला. माझी पोरगी कशिश म्हणती, "अब्बा, होल ग्रेन हाय, चावून खावा." चावून? अर्धा तास चावतोय, ते तोंडात हाय तसंच, जबडा दुखाय लागला, कानात कुईकुई व्हाय लागलं, समोर नजीरा, आमची बायको, हाताची घडी घालून उभी... मी काय केलं? गप खाल्लं.

आता आपल्या डाएटवाल्या क्रांतीताई म्हटल्या, कुतुबुद्दीनभाई, ही नवीन मंडळी आल्यात, डाएटचा अनुभव सांगा दोन मिनिटं. दोन मिनिटात काय सांगू? त्यात तीन महिने गेल्यात माझं! बरं, सांगतो. पण मधी कुणी हसायचं न्हाय, कारण तुमच्याबी हातात त्योच पथ्याचा गुलाबी कागद हाय, मला हितनं दिसतोय.

तर मी शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत, सव्वीस वर्षं झाली. चौदाशे डिग्रीचं लोखंड माझ्या समोरनं वाहत जातं आणि मी चहा पीत उभा असतोय. पण सुई? सुई म्हटलं की मी आडवा. खोटं सांगत न्हाय, कशिश लहान असताना तिला लस टोचाय नेलतं, टोचलं तिला आणि पडलो मी. शुद्धीवर आलो तर नर्स म्हणती, "सलाईन लावूया का ह्यास्नी?" परत पडलो.

आणि अशा माणसाला डॉक्टर काय म्हणतात बघा. "शुगर फार आहे. तीन महिने देतो, खाणं सुधारा. आकडा खाली आला नाही तर इंजेक्शन. रोज. स्वतःच्या हातानं, पोटात." स्वतःच्या हातानं! पोटात! मी नजीराकडं बघितलं, नजीरा म्हटली, "टेबल धरा आधी."

मग हितं आलो, शाहूपुरीत, ताईंच्या ह्या दवाखान्यात, ह्याच खुर्चीवर, ती बघा, ते काका बसल्यात तिथं. क्रांतीताईंनी विचारलं, "काय सोडणं सगळ्यात अवघड जाईल?" आता कोल्हापूरचा माणूस काय म्हणंल? तांबडा म्हणंल, पांढरा म्हणंल. ताईंनी तर मटण लिवायला पेन टेकवलंबी हुतं. मी म्हटलं, "पास्ता." पेन थांबलं. नजीरा म्हटली, "कुठला पास्ता?" झालं! पाच वर्षं लपवलेलं तिथं बाहेर पडलं. अवो, आमच्या गेटसमोर एक गाडी लागती, सेकंड शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत, मैद्याचा पास्ता, वर चीज किसून किसून डोंगर करतोय त्यो... घरातनं डबा न्यायचा भाकरी-आमटीचा, त्यो द्यायचा केरबाला, आमच्यातला लेथवरचा टर्नर, आणि आपण गाडीवर. नजीरा म्हटली, "म्हणजे पाच वर्षं मी केरबाला जेवाय घालतीया?"

ताई चांगल्या हायत हो. म्हटल्या, "मैदा बंद, पण अख्ख्या धान्याचे पर्याय आहेत. नाचणी, ज्वारी, हरभरा, करून बघा." करून बघा म्हणायला काय जातंय! नाचणीचं सांगितलंच. मग आणला ज्वारीचा. पाकिटावर लिवलंया, आठ मिनिटं उकळा. सहाव्या मिनटाला झाकण काढलं तर पास्ता गायब! खाली घाटा. नळ्या गेल्या कुठं? कशिश पळीनं शोधतीया, एक बी घावंना. नजीरा शांतपणे म्हटली, "ताक घाला, आंबील म्हणून प्या." मी काय केलं? गप प्यालो. मग हरभऱ्याचा. त्यो शिजला बी, नळी नळी राहिली बी, पण दुसऱ्या दिवशी शॉपमधी माझ्या दहा फुटात कुणी उभं राहीना. केरबा लांबनं ओरडून विचारतोय, "कुतुबभाई, काय खाल्लायसा?"

पण त्या ज्वारीवर माझं डोकं अडकलं बघा. आता आमचं काम कसं असतंय, लोखंडाची पोकळ वस्तू पाहिजे असंल तर साच्याच्या आत वाळूचा गाभा बसवायचा, त्याला कोअर म्हणतात. लोखंड भोवतीनं भरतं, थंड झालं की वाळू झाडायची, आत पोकळी. मी तेच करतोय सव्वीस वर्षं. आणि वाळूत चिकटवणारं बाइंडर कमी पडलं की कोअर ढासळतो, ही साधी गोष्ट. म्हटलं, अरे, ज्वारीत बाइंडरच न्हाय! ढासळणारच की ते! केरबाला सांगितलं. त्यो म्हटला, "मग खपली गहू घ्या की, आमच्या सासुरवाडीचा. नृसिंहवाडीकडचा हाय, कसला चिकट असतोय." ताईंना फोन केला. म्हटल्या, "खपली गहू कोंड्यासकट असेल तर चालेल, पण मोजून एक वाटी."

पीठ आलं. आता नळी कशी करायची? आणि हितं माझ्या अकलेला पंख फुटलं. आमच्या घरात शेवयाचं मशीन हाय, पितळेचं, हँडल मारायचं, बाजेला आवळायचं. नजीराच्या अम्मीनं लग्नात दिलेलं. ईदच्या आधी त्याच्यावर शेवया पाडायच्या आणि शिरखुर्मा त्याचाच करायचा, बत्तीस वर्षं बाजारची शेवई घरात आली न्हाय. तर त्या मशीनच्या तोंडाला जाळी असती, बारीक भोकांची. मी म्हटलं, भोकं मोठी करायची, मधी एकेक खिळा बसवायचा कोअरसारखा, पीठ खिळ्याभोवतीनं येणार, आत पोकळी, झाला की पास्ता! नजीरा तवा भावाकडं गेलती मिरजेला आठ दिवस. केरबा म्हटला, "भाई, नवी चकती करून देतो पितळेची, दोन दिवस थांबा." मला दम निघंना. आणि आमच्यात सवय कशी, नवं करायच्या आधी जुनं हाय त्यालाच घासून-कापून रिवर्क करायचं. जाळी कंपनीत नेली आणि ड्रिल लावलं. केरबानं डोळं झाकून घेतलं, म्हटला, "भाभींना माझं नाव सांगू नका."

पण तुम्हास्नी सांगतो, हँडल मारलं आणि पहिली नळी बाहेर आली ना... तांबूस, सरळ, आरपार भोक! मी तिच्यातनं खिडकीबाहेर बघितलं. चादरीवर वाळवल्या, उकळल्या, टोमॅटो-लसणीत परतल्या आणि वाटीभर खाल्ल्या, आणि काय वाटलं म्हणून सांगू? दोन महिन्यांनी पयल्यांदा जेवल्यासारखं वाटलं. नजीरा आली, तिनंबी खाल्ला, म्हटली, "चांगला झालाय की. कशावर केला?" मी म्हटलं, "कंपनीत चकती केली." अर्धं खरं हुतं ते. अर्ध्यावर मी गप बसलो.

रमजान आला, डॉक्टरांना विचारून रोजे धरलं, सोडताना माझी एक वाटी पास्ता, आनंदी आनंद. आणि ईदच्या चार दिवस आधी नजीरानं मशीन काढलं. मी बाहेरच्या खोलीत, पेपर उलटा धरून. बाजेला आवळलं, पीठ भरलं, हँडल मारलं... आणि अम्मीच्या मशीनमधनं पडला पास्ता.

ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ओरडली न्हाय. जाळी काढली, हातावर घेतली, माझे खिळे बघितले, आणि एवढंच म्हटली, "अम्मी दर वर्षी ही जाळी दुधानं धुवायची." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, केरबा नवी करून देतो म्हणतोय, ईदच्या आत हुणार न्हाय, तवर बाजारातनं शेवई आणतो. तर म्हणती, "बाजारची ह्या घरात यायची न्हाय. ज्यानं भोकं पाडली त्यानंच फिरवायचं." मी काय केलं? गप फिरवलं. चार किलो!

ईदच्या सकाळी त्या नळ्या बारीक मोडल्या, तुपात परतल्या, दुधात सोडल्या, खारीक, बदाम, चारोळी, सगळं. पाव्हणं आलं. मी कोपऱ्यात, आता इज्जत जाती म्हणून डोळं मिटून. आणि पाव्हण्यांनी वाट्या उचलल्या. एक चमचा, दोन चमचे... अवो, ते दूध नळीच्या आत शिरलेलं! चावलं की तोंडात सुटतंय! "भाभी, हे काय नवीन?" नजीरा पदर सावरत म्हटली, "आमच्याकडं जुनंच हाय हे." केरबा तीन वाट्या हाणून गेला, जाताना डब्यातबी घेतला, सवय हाय त्याला. सगळी गल्ली वाट्या पुसून खातीया, आणि माझ्यापुढं नजीरानं काय ठेवलं? काकडी. ईदला! साखर हाय म्हटली खुर्म्यात, परवा रिपोर्ट हाय म्हटली. मी काय केलं? गप खाल्ली. चार किलो फिरवून काकडी खाल्ली.

आणि रक्त काढताना मी एकदा पडून झालो, मग रिपोर्ट आला पावणं. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हटले, "उतरलीय. चांगली उतरलीय. इंजेक्शन नको." मला ऐकूच येईना, मी म्हटलं, परत म्हणा. ते परत म्हटले. नजीरा रडली, मीबी रडलो, लाज कसली त्यात? तीन महिने छातीवर दगड घेऊन झोपत हुतो, उतरला तो. घरी येताना वाटंत गेटसमोरची ती चीजवाली गाडी दिसली, खरं सांगतो, मान वळली न्हाय माझी. डोळं वळलं, पण मान न्हाय.

नवी जाळी केरबानं करून दिली, बारीक भोकांची, नजीरा ती दुधानं धुती. जुनी माझी झाली. सगळं निस्तरलं, सुई टळली, माणूस सुटला... असं मला वाटलं. तर डॉक्टर फोन करून म्हणतात, "कुतुबुद्दीनभाई, आता दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला यायचं. कायमचं." म्हणजे ज्या सुईपायी मी ट्यूब चावली, आंबील प्यालो, ईदला काकडी खाल्ली, ती सुई वर्षातनं चारदा हायच!

आणि आज त्यो दिवस हाय. ती बघा, ट्रे घेऊन रक्त काढणारी पोरगी आलीच. क्रांतीताई, झालं माझं बोलून. आता मी काय करणार? गप हात पुढं करतो... पावणं, तेवढं मला मागनं धरा कुणीतरी.