पापनाशमची आयी

मी तंजावुरांतच जन्मले, तंजावुरांतच दिली गेले, आमचे वडील लग्नकार्यांत स्वयंपाक करायचे. मराठी राजांच्या वेळेला आमचे लोक येथें आले म्हणतात, कोठल्या गावाहून तें कोणास ठाऊक नाहीं, भाषा तेवढी राहिली घरांत. तुमचें मराठी निराळें, तुम्ही भरभर बोलतां, माझें समजतें ना तुम्हांस, नाहीं समजलें तर थांबवा मला. नाव माझें सरस्वती. घरचे आमचे, म्हणजे यजमान, सरकारी बसमध्यें कंडक्टर, तंजावूर ते कुंभकोणम, आयुष्य अस्कें, अस्कें म्हणजे सगळें हो, त्याच रस्त्यावर गेलें. तमिळ यांचें असें कीं चढतांना भांडलेली बाई उतरतांना हसत उतरायची, केळीं देऊन जायची. घरीं आले कीं वेष्टी नेसून पायरीवर बसायचे आणि मग मराठी. मुलगी चेन्नईला असते, तिला समजतें पण बोलायला येत नाहीं, आम्ही मराठींत विचारायचें, तिनें तमिळमध्यें उत्तर द्यायचें, असें चाललें होतें, चांगलें चाललें होतें.

मग काय सांगू तुम्हांस, यांस विसर पडायला लागला. आधीं चष्मा, मग माणसें, मग एके दिवशीं शेजारच्या अक्कानें रोजच्यासारखें विचारलें, जेवण झालें का म्हणून, आणि हे माझ्याकडे बघतात, ही काय म्हणते. मला वाटलें थट्टा करतात. थट्टा नव्हती, तमिळ गेलें होतें. डॉक्टर म्हणाले, अम्मा, असें होतें, मागून शिकलेलें आधीं जातें, आईकडून आलेलें शेवटपर्यंत राहतें. म्हणजे अस्क्या गल्लींत यांचें बोलणें समजणारी मी एकटी. पाणी मागितलें तरी मी, पोट दुखलें तरी मी, मी आंघोळीला गेले कीं हे दार बडवणार. मुलगी फोनवर अप्पा म्हणायची, पुढें तिचें तमिळ, हे फोन माझ्या हातांत देणार, कोणी परकी बाई आहे बघ म्हणून. ती रडायची, मी तिला धीर द्यायची, मला कोण देणार. मोठ्या देवळांत नंदीपुढें उभी राहून विचारलें, हें काय केलेंस, बोलणाऱ्या माणसाची जीभ काढून घेतलीस. देव काय बोलतो. मग मीं देवळांत जाणेंच सोडलें.

आणि हे हरवले. सकाळीं गॅसवाला आला, मी स्वयंपाकघरांत सिलिंडर लावून घेत होत्ये, बाहेर येऊन बघत्ये तर पायरी रिकामी. बसस्टँड बघितलें, बाजार बघितला, कालव्याच्या कडेनें हाका मारत गेले. पोलिसानें विचारलें, नाव सांगता येईल का त्यांस, मीं म्हटलें सांगतील पण मराठींत, तो लिहितां लिहितां थांबला. कोणी म्हणालें तिरुवैयारूला घाटावर एक म्हातारा दिसला, ऑटो करून गेले, दुसराच कोणी होता. कावेरी भरून चालली होती. त्या पायऱ्यांवर बसले आणि खरें सांगत्ये, पाण्याकडे बघत राहिले. वाटलें, हे त्यांत असतील तर मी येथें कशाला बसल्ये. तेथें फुलें विकणारी कोणी बाई, तिनें माझा दंड धरला, वर नेऊन चहा दिला, कांहीं विचारलें नाहीं. घरीं आले, कशी आले तें आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं डेपोमधून फोन. यांच्या हाताखालीं शिकलेला एक कंडक्टर, त्यानें बसमधून बघितलें, पापनाशमला रस्त्याकडच्या एका घराच्या ओट्यावर अय्या बसलेत. पापनाशम यांच्याच रस्त्यावरचें, जुन्या सवयीनें बसमध्यें चढले असतील, काय ठाऊक. मी गेले. बघत्ये तर काय, कौलारू घर, ओट्यावर मोगऱ्याचा ढीग, एक बाई गजरे बांधत्ये आणि हे एकेक कळी देठाला धरून तिच्या हातांत देतायत, हळू, कळी चुरगळूं नये म्हणून, आणि बोलतायत, आमचें मराठी बोलतायत, आणि ती आमां, आमां म्हणत्ये, म्हणजे हो हो. अंगावर कोणाची तरी धुतलेली लुंगी. केंस विंचरलेले. मी रस्त्यावरच उभी राहिले.

तिचें नाव सेल्वी. नवरा नाहीं तिला. म्हणाली, अम्मा, काल दुपारपासून बोलतायत, एक अक्षर समजलें नाहीं, पण बोलत्या माणसाला गप्प कसें करायचें. जेवेनात, तेव्हां दहीभात कालवून पहिला घास मीं खाल्ला, मग जेवले. कपडे ओले झाले होते, बदलले. दिवे लागायच्या वेळेला रडायला लागले, आई, आई म्हणून, तेवढें मात्र समजलें, आमच्या गावाकडे आईला आयीच म्हणतात. मग मीं म्हटलें, येथेंच आहे, आणि हात धरून बसले.

मीं तिच्यापुढें हात जोडले. ती घाबरली, म्हाताऱ्या माणसाला रस्त्यांत सोडून देतें का कोणी, म्हणाली. मग तिनेंच विचारलें, काय सांगतायत हो मला सारखें. मीं यांच्याजवळ बसून ऐकलें. सेल्वीला म्हणत होते, आई, आज मी शाळेला जाणार नाहीं, पाय दुखतात. मीं तें तिला तमिळमध्यें सांगितलें. ती हसली, मग पदर तोंडाला लावला, आणि यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, पोग वेंडाम, कण्णा. नको जाऊं, बाळा. यांस तमिळ कळलें नाहीं, पण चेहरा असा निवला कीं काय सांगू तुम्हांस. नंदीपुढें जो बोलला नाहीं तो तेथें बोलला, असें मला वाटलें. तुम्हांस वेडेपणा वाटेल, वाटूं दे.

बरें कांहीं झालें नाहीं हो. आतां मलाही ओळखत नाहींत, कधीं हात उगारतात, कधीं ताट ढकलतात. मी आधीं गेले तर यांचें काय, ही भीती जात नाहीं, रोज आहे. सेल्वी सवड झाली कीं येते, येतांना फुलें आणते, हे तिच्याशीं बोलतात, ती आमां, आमां म्हणते, तेवढा वेळ मी डोळे मिटून पडत्ये. एवढेंच आहे, याहून जास्त कांहीं नाहीं. आतां उठत्ये, हे हाक मारतायत. तुम्ही जेवून जा. आणि तुमचें म्हातारपण येईल तेव्हां तुमच्या बोलण्याला हूं म्हणणारें कोणी तरी जवळ असो.