सासूबाईंचा कान

गियान्यार गावच्या दवाखान्यात मी दुखरा गुडघा धरून नंबरची वाट बघत होते. पुढच्या बाकावर शिंपीण रस्मिनी आणि मान धरलेली एक पोरगी.

"मानेवर चिकटवतात ते यंत्र करतं काय, ताई?" पोरगीनं विचारलं.

"मान पुढे झुकली की केकाटतं. बायकांची केबाया पोलकी शिवताना तर सारखं! सासूबाई म्हणाल्या, यंत्रानं कुणाची मान सरळ झालीय? यंदा देवळात नैवेद्याचा फळांचा मनोरा धाकटी सून नेईल."

"अगं बाई! मग?"

"मग काय, मीच नेला. केळी, संत्री, वर आमच्या रीतीप्रमाणे भाजलेली कोंबडी. डोक्यावर, हात न लावता."

"आणि यंत्र?"

"मुद्दाम चालू ठेवलेलं. सासूबाई घरापासून माझ्या मागे, कान लावून. आता केकाटेल, मग केकाटेल."

"केकाटलं?"

"वाटेत एकदाही नाही! देवळात मनोरा उतरवला, तीर्थ घ्यायला मान खाली घातली, तेव्हा ओरडलं. सासूबाई म्हणतात, 'बघ, ओरडलंच!' पुजारी म्हणाले, 'आजी, देवापुढे तरी वाकू द्या तिला.'"

"बरी जिरली! पण मग तुम्ही आज इथं कशाला?"

"सासूबाईंना घेऊन आलेय, आत तपासताहेत त्यांना. वाटभर मान वर करून मनोरा कधी पडतोय ते बघत होत्या ना, अवघडली! काल स्वतःच विचारलं, 'तुझं ते केकाटणारं मला लावतील का गं?'"

आत काहीतरी जोरात केकाटलं.

"हं! आज कान लावून मी बसलेय."