शिशाचा चष्मा

दवाखान्यात तुळजाबाईचा नंबर आला, पण बाकावरल्या दोघांचं बोलणं अजून अर्ध्यातच होतं. तिनं मागच्या बाईला पुढं धाडलं आणि तिथंच बसून राहिली. पायाला पट्टी बांधलेला साखर कारखान्याचा वेल्डर आप्पाराव शेजारच्या गहिनीनाथला सांगत होता.

"दुष्काळानं गाळप बंद. म्हणून पाण्याच्या टँकरला वेल्डिंग करत होतो, वरून पडलो अन् पाय मोडला."

"ऑपरेशनला शुद्धीत होतास?"

"भूल कमरेखालीच होती, सगळं बघत होतो. डॉक्टर एक्स-रे चालू ठिवून हाडात सळई घालणार, अन् किरणं अडवायचा त्यांचा शिशाचा चष्मा खुंटीला. नर्सबाई म्हणली, त्या किरणांनी मोतीबिंदू होतो."

"मग लावीत कावून न्हाईत?"

"लई जड हाय, घसरतो म्हणले. मी म्हणलं, चष्मा लावल्याबिगर पायाला हात लावू देणार न्हाई."

"चिडले असतील."

"न्हाई. गुमान लावला. मग त्यांनीच इचारलं, वेल्डिंग करताना तू तुझा लावतोस का?"

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. माझा बी खुंटीलाच."

"आप्पाराव, टाके काढायला या," आतून हाक आली.

आप्पारावानं पिशवीतून वेल्डिंगचा काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"ह्यो दिसल्याबिगर टाक्यांना हात लावणार न्हाईत म्हणलेत डॉक्टर," तो म्हणाला, आणि भिंत चाचपत आत गेला.