विषम तारीख

(चीनच्या किनाऱ्यासमोरचं तैवानचं किनमेन बेट, सकाळ. स्यूल्येन आणि ताइपेहून आलेली तिची लेक पेईयिन ओट्यावर कालवं फोडत बसल्या आहेत.)

— "नगण्य" म्हणजे किती गं?

— कुठे ऐकलास हा शब्द?

— तुझ्याच पुस्तकात. ल्यू मास्तर रोज एक प्रकरण वाचून दाखवतात मला.

— अगं, ते अभ्यासकांसाठी आहे!

— म्हणून तर मास्तर लागतात. परवा टीव्हीवर तुला विचारलं, युद्ध होईल का? पाच मिनिटं बोललीस. हो की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

— मलाही नाही, आई.

— मग तसं सांगायचं! ते जाऊ दे. नगण्य म्हणजे?

— मोजण्याइतकं नाही, असं. एकोणीसशे एकसष्टनंतर समोरून, चीनकडून, फक्त प्रचारपत्रकं भरलेले तोफगोळे यायचे, तेही विषम तारखांना. त्यात जीवितहानी नगण्य.

— कागद वरच्यावर उडायचे. लोखंड कुठे जायचं?

— खाली पडायचं.

— कुणाच्या तरी अंगणात.

— आई, सुरी ठेव खाली. काय झालं?

— तुझी मावशी तापाने नाही गेली.

— ...आ-ग्वेई मावशी?

— नऊ वर्षांची होती. कॅलेंडरचं पान फाडायचं काम माझं. त्या दिवशी विसरले. पान आदल्या दिवसाचं, सम तारखेचं होतं. म्हटलं, जा गं, वाळवणातली मासळी आत आण.

— आई...

— पहिलाच गोळा.

— तू तरी केवढी होतीस? पंधरा?

— तारीख वाचता येत होती.

— बावीस वर्षं मी या बेटावर लिहितेय. शंभर घरं फिरले, म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आपल्याच घरी विचारलं नाही.

— विचारलं असतंस तरी तापच सांगितला असता. कालव उघडायचं नाही म्हणालं, की सुरी मोडते.

— दुपारी त्या पुस्तकावरच व्याख्यान आहे. प्राध्यापक झाल्यावरचं पहिलं. आता उभी राहून काय सांगू?

— चुकलं म्हणून सांग. जाणत्या माणसाला शोभतं ते. माझंही सांग हवं तर.

— तुझं काही चुकलं नाही.

— ते तू ठरवू नकोस. लाडकी आहेस, म्हणून न्याय करायला बसू नकोस.

— बरं. नाव पूर्ण सांग तिचं.

— वेंग युएग्वेई. लिहून घेतेस? हात पूस आधी, कागदाला वास लागेल.

— लागू दे.

— भुयारात घाबरायची ती. गोळे थांबेपर्यंत माझी दोन बोटं धरून बसायची. असलं काही लिहितात का तुमच्यात?

— नाही लिहीत.

— मग राहू दे.

— थांब, आई. कुठली दोन बोटं?