चाळीसच्या वरची पोरं

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून. आजा मिठागरात, बापूस मिठागरात, आणि माझ्या वाट्याला मीठ आलंच नाही, कारण मिठागरात भराव पडला, त्यावर कंटेनर उभे राहिले आणि मी तिथंच गेटवर सुपरवायझर झालो. म्हणजे बापूस जिथं फावडं मारायचा तिथं मी शिट्टी मारतो. ते जाऊ द्या. गेटवर मला कोण ओळखत नाही, मला ओळखतात माइकवर. भातं कापून झाली की आमच्याकडं शेतात रोलर फिरवून टेनिस बॉलचे सामने सुरू होतात, गावोगाव, आणि कॉमेंट्रीला मी. बारावी नापास झालो त्या वर्षी नवरात्रात माइक धरला तो अजून सोडला नाही. माझी बायको रंजना बोलते, लग्नात माझा हात धरला तेवढ्यापुरता सोडला असंल.

आता काय सांगू तुम्हाला, पूर्वी सामने पोरांचे असायचे, हल्ली सगळ्यात मोठा सामना चाळीस प्लसचा. आधारकार्ड दाखवायचं आणि मगच मैदानात उतरायचं. पोटं सुटलेली, गुडघ्याला पट्टे, पाठीवर नाव छापलेलं आणि नावापुढं शेठ. एकेकाच्या घरात सून आलीय, आणि इथं रनआउट दिला म्हणून गडी पिचवर आडवा, उठतच नाही. ज्याची बॅट तो आउट झाला की बॅट घेऊन घरी. मी हे सगळं माइकवरून सांगतो, लोक पोट धरून हसतात, यूट्यूबवर दुबईची आमची मंडळीसुद्धा बघतात.

तर जनू. जनू म्हणजे रंजनाचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा, दोन ट्रेलरचा मालक, चाळिशी कधीच ओलांडलेला. त्याला दोन मुलगे, मुलगी नाही, म्हणून माझ्या भाविकावर त्याचा भारी जीव. ती पाळण्यात होती तेव्हापासून बोलायचा, भावोजी, हिला मांडवात मीच आननार. आमच्यात मामा मुलीचा हात धरून तिला मांडवात आणतो आणि अक्षता पडेपर्यंत पाठीशी उभा राहतो, तो मान दुसऱ्या कोणाचा नाही. भाविका आता उरणला बँकेत आहे, लग्न ठरलं माघातलं, पेणचा मुलगा. आणि पौषात हा सामना झाला.

जनू लाँगऑनला. बॉल वर गेला, आणि सावकाश, अगदी पत्ता विचारत विचारत त्याच्या हातात आला आणि खाली पडला. मी माइकवर बोललो, पाहुणा दारात आलाय, जनूशेठनी ओळख दाखवली नाही, दार लावून घेतलं. एवढंच. याच्यापेक्षा कितीतरी वाईट मी सख्ख्या चुलत्याला बोललोय. पण जनू तिथून निघाला तो सरळ पिचवर, स्टंप त्याचे होते, ते उपटले, काखेत मारले आणि गाडीत जाऊन बसला. काचा वर, एसी चालू. सगळे काचेवर टकटक करतायत आणि हा समोर बघतोय, जसा काय घाटात गाडी चालवतोय. सामना तिथंच संपला.

मी घरी पोचेपर्यंत तो फॅमिली ग्रुपमधून बाहेर. मग स्टेटस, आपलीच माणसं घात करतात, खाली तुटलेलं काळीज. मग बहिणीला फोन, मी लग्नाला येनार न्हाय. रंजना धावत गेली, तर त्याची अट अशी, की भावोजींनी हळदीच्या दिवशी माइकवर सांगायचं, कॅचच्या वेळी सूर्य जनूच्या डोळ्यावर होता. मी बोललो, सांगतो की, पण सूर्य त्याच्या पाठीमागं होता. दुपार उलटलेली, त्याचं तोंड पूर्वेला, डोळ्यावर सूर्य येईल कुठून. रंजना बोलली, अहो, सूर्याचं काय घेऊन बसलात, पोरीचं लग्न आहे. मी बोललो, मुद्दा सूर्याचा नाहीच. मग कशाचा आहे, ती बोलली. आता ते मला धड सांगता येईना, पण मुद्दा होता. मग ती बिचारी तिकडचं इकडं आणि इकडचं तिकडं सांगत फिरली, आणि आम्ही दोघं एका गावात राहून एकमेकांना बघितलं की मोबाइल कानाला लावायचो.

शेवटी भाविकानं मला स्कूटरवर मागं बसवलं आणि मामाच्या दारात नेलं. मामी सुगंधा बाहेर आली, बोलली, ते घरात न्हाईत. आणि ते तिच्या पाठीमागं झोपाळ्यावर बसलेले, भिंतीकडं तोंड करून. मी भाविकाला बोललो, घरात नसलेल्या माणसाला विचार सूर्य कुठं होता. भिंतीकडून उत्तर आलं, त्याला सांग, डोळ्यांवर होता. मग पाठीमागं, डोळ्यांवर, पाठीमागं, डोळ्यांवर, असं आमचं बराच वेळ चाललं. भाविकानं चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः धुतला आणि बोलली, मामी, एक चांगलं लुगडं काढून ठेव, मला मांडवात तू आणायचंस. आणि बाबा, माझ्या लग्नात तुम्ही माइकला हात लावायचा नाही.

झोपाळा थांबला. जनूनं तोंड फिरवलं, इतक्या दिवसांनी माझ्याकडं सरळ बघितलं आणि बोलला, भावोजी, पोरीला काय शिकवलंय की न्हाय घरात. मी बोललो, तुझ्या बहिणीचं वळण. तिथून आम्ही एक झालो. पण पोरगी एक नाही झाली. नंतर जनूनं फोन केले, मिठाई पाठवली, ग्रुपमध्येही परत आला. ती त्याच्याशी गोड बोलायची, मामा जेवलास का विचारायची, पण शब्द फिरवला नाही.

लग्नाला जनू कोट घालून आला. मला वाटतं शेवटपर्यंत त्याला खात्री होती की ती हाक मारील. मंगलाष्टकं सुरू झाली, सुगंधानं तिचा हात धरला आणि मांडवात आणलं, छान आणलं, आणि पाठीशी तीच उभी राहिली. जनू माझ्या बाजूला. अक्षता त्यानं टाकल्याच नाहीत, मुठीत धरून राहिला. त्याला मुलगी नाही, भाची ही एकच, म्हणजे ही वेळ त्याला परत येणार नव्हती, आणि माइक दुसऱ्याच्या हातात होता म्हणून मलाही काही बोलता येत नव्हतं. मी नुसता त्याच्या कोटाची बाही धरून उभा राहिलो. पाठवणीला भाविका त्याच्या पाया पडली, तेव्हा तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला, आणि ती त्याचे डोळे पुसत बोलली, झालं, झालं.

सूर्य पाठीमागंच होता, हे मी आजही सांगतो, पण त्याच्यासमोर नाही.

आता भाविका सातव्या महिन्याची, आमच्याकडं आलीय. जनू रोज ताजी मासळी घेऊन येतो. परवा हळूच विचारलं, बाळाचा पाळणा मी आणू काय गं. ती बोलली, बघू, तोवर दोघं कसे वागता ते. देव तिला सुखरूप मोकळी करो. आम्ही सध्या नीट वागतोय.