प्रभूला कळवलं कुणी?

...नाही, पण मला सांगा, साक्षात्कार म्हणजे काय हो? मी मंगळवारी बोललो ते यांनी रविवारी माइकवरून ओरडायचं? अहो, मीच सांगितलं होतं त्यांना!

तुम्हाला सांगतो, मी सोफे शिवतो. आमच्या पास्टरांची व्यासपीठावरची खुर्ची उसवली, म्हणून गेलो. चर्च त्यांचं स्वतःचंच, गोदामाच्या माडीवर, वर विचारणारं कुणी नाही. तोंडात खिळे धरून काम करतो मी, तेवढा वेळ तरी गप्प बसावं ना! पण ते इतक्या मायेनं म्हणाले, "बोल बाळा, काय डाचतंय?" की खिळे काढले न् बोललो... आतेभाऊ दुसऱ्या शहरात सोफ्याच्या दुकानात भागीदार हो म्हणतोय, जन्माचं कल्याण होईल, जावं म्हणतो, हिला अजून सांगितलं नाही, प्रार्थना करा! "करतो की! भावाचा पत्ता दे, त्याच्यासाठीही करतो." दिला!

रविवारी डोळे मिटलेले, हात वर, आवाज थरथरता... "प्रभू मला दाखवतोय... तिसऱ्या रांगेत एक माणूस... हातात सुई... तो आपलं घरदार हलवायला निघालाय! प्रभू म्हणतो, थांब!" सगळी मंडळी माना वळवून माझ्याकडे! हिच्या डोळ्यांना धार! आणि मी? बापासारखं मानलं होतं हो त्या माणसाला... फार लागलं मनाला.

घरी हिला म्हटलं, "अगं, चमत्कार कसला? मीच सांगितलं होतं त्यांना!" तर म्हणते, "म्हणजे बायकोला नाही, आणि त्यांना सांगितलंत?" आता बोला! पास्टरांना गाठलं, तर खांद्यावर हात ठेवून हसले, "बाळा, तुझ्या तोंडून वदवलं कुणी?" कप्पाळ माझं!

राहिलो इथंच. काल आतेभावाचा फोन... "तू येत नाहीस म्हणून पास्टरांनी कळवलं रे! देवमाणूस! स्वतःच्या मेहुण्याला धाडतायत, भागीदारी ठरली!" मेहुण्याला म्हणे दृष्टांत झाला, 'जा' म्हणून! ही लगेच हात जोडून, "बघा, प्रभूनं त्यांना पत्तासुद्धा दिला!" अहो, मीच दिला होता ना!

तणतणत गेलो माडीवर. म्हटलं, तुमच्या मेहुण्याला साधं बटण लावता येत नाही, सोफे काय शिवणार? पास्टरांनी डोळे मिटले... "म्हणूनच तर प्रभूनं तुला इथं थांबवलं, बाळा. त्याला शिकवायला!"

उद्या सकाळपासून येतोय मेहुणा.