चपलेचा नंबर

मे महिन्यातला रविवार, अकोल्यात ऊन नुसतं पोळत होतं. वॉटर पार्कमधल्या मोठ्या घसरगुंडीवर बसल्याशिवाय मुलगी निघायला तयार नव्हती, आणि पाचची मूर्तिजापूरची एसटी गाठायची होती. म्हणून साधी रांग सोडून जादा तिकिटाच्या एक्सप्रेस रांगेत गेलो. ते तिकीट सगळ्यांनीच घेतलेलं, रांग हलेना.

तेवढ्यात साध्या रांगेत आमच्या मागे असलेल्या बाई ओरडल्या, “ओ भाऊ, या लवकर, तुमचा नंबर आला!”

“आमी तर रांग सोडली, ताई.”

“मंग पोरीची चप्पल काहून ठेवली? मी पायानं सरकवत आणली ना!”

चप्पल मुलगी विसरली होती. मी हात जोडले, “लय उपकार झाले.”

“उपकार कायचे? रॉकेलच्या रांगेत आमचे डबेच उभे रायतात.”

मुलगी किंचाळत खाली आली. एसटी मिळाली.